जीपला जास्तीचा जोर

अंगणात आमची जुनी जीप बॉनेट उघडून उभी आहे. माझा मुलगा दत्ता आणि मेकॅनिक रफिक सकाळपासून तिच्यात डोकं घालून बसलेत. जीपचा जोर वाढवायचा आहे. टर्बो बसवायचा की इंजिनच मोठं टाकायचं, हे काही ठरत नाही. बायको पसंत करताना दत्ताने इतका वेळ घेतला नव्हता.

हॉर्सपॉवर मला नवी नाही. आमच्या ह्यांनी विहिरीवरची तीनची मोटर काढून साडेसातची बसवली होती. पाणी असं आलं की ह्यांनी आळीत पेढे वाटले. विहीर मात्र तेवढीच होती. दुपार व्हायच्या आत तळ दिसायला लागला. माझंही तेच झालं. सगळे म्हणाले, हिला काम झेपतं, म्हणून कामं वाढत गेली. गुडघे होते तेच राहिले.

"दत्ता, ब्रेकचं काय?" मी विचारलं.

"आहेत ते चालतील गं आई. आधी पळू तर दे."

"मावशी बरोबर बोलतात, भाऊ," रफिक म्हणाला. "रोज घाट उतरायचाय."

"तू तिच्या बाजूचा की माझ्या?"

त्याच जीपमधून माझी सून रोज घाट उतरून कामाला जाते. वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही. मी भिंतीला धरून उठले, खिळ्यावरची जीपची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

"ब्रेक बदलून झाले की माग," म्हटलं.