सिस्टरनी निवडलेली चाकं

"घाई कुनाला हाय?" असं म्हणत सिस्टर समोरच्या वस्तूवर तळहात ठेवायच्या. वस्तू काहीही असो. तापलेलं पोर, बाजारातलं कलिंगड, नाहीतर माझ्या दुकानातला टायर. हात ठेवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि थांबायचं. तेवढ्यात समोरचा माणूस चुळबुळायला लागायचा, खाकरायचा, मोबाइल बघायचा. सिस्टरवर त्याचा काडीचाही परिणाम व्हायचा नाही.

असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल. नीट बघा, नक्की असेल.

माझं आळेफाट्याला टायरचं दुकान आहे. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. निम्मं आळे त्यांच्या हातावर जन्मलेलं, त्यात माझी पोरंही आली. त्यामुळे त्या दुकानात शिरल्या की मी आपोआप खुर्ची सोडायचो. त्यांचे यजमान हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणायचं. सर गेल्यावर सिस्टर डिंभ्याला भावाजवळ राहायला गेल्या. मी सांगतोय ते सर असतानाचं.

सरांना एकच नाद होता आणि तो भलताच होता. पुण्यातल्या कुठल्याशा बंगल्यामागे सडत पडलेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्यांनी उचलून आणली होती. दोन माणसांची, लांब नाकाची, वर टप नसलेली. आणली तेव्हा आत एखादी कोंबडी अंड्यांवर बसली असती तरी शोभून दिसली असती. गाव पोट धरून हसलं, मीही हसलो. सर मात्र शाळा सुटली की गोठ्यात जायचे आणि एकेक भाग सोडवून, घासून परत जोडायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. इंजिन सुरू झालं, सीटा शिवून झाल्या, लाल रंग चढला. सिस्टर त्या गाडीला 'सवत' म्हणायच्या. "सवतीची अंगूळ झाली का? मंग या जेवाया."

राहिली होती चाकं. आपल्या मोटारींना असतात तशी ही पत्र्याची चाकं नव्हेत. सायकलीसारखी तारांची, फक्त तारा भरपूर आणि एकमेकींत विणलेल्या. जुन्या चाकांच्या तारा गंजून तुटत होत्या. मधल्या ज्या दात्यांनी चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकाला, धरून राहतं, ते दाते झिजून गुळगुळीत झाले होते. तसल्या चाकांवर गाडी गोठ्याबाहेर काढणंही धोक्याचं. म्हणून ती विटांवर उभी होती. आता नवी चाकं निवडायची एवढंच उरलं, आणि नेमकं तेव्हाच सरांना कंपवातानं धरलं. आधी हात गेले, मग चालणं, मग बोलणं.

एक दिवस सिस्टर एकट्याच दुकानात आल्या. "भाऊ, सवतीला पायतान घ्यायचंय."

"घेऊ की. पन तुमाला कधीपासनं तिचा पुळका?"

"ह्यांना बसवायचंय तिच्यात. बसता येतंय तवर."

त्या नर्स होत्या. सरांचं पुढं काय होणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आता मी पडलो उत्साही माणूस. नारायणगावात वरातीच्या बग्ग्या भाड्यानं देणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे तारांची चकचकीत चाकं पडलेली दिसली, मापही जवळपास तेच. पिकअपमध्ये टाकली, ओझरच्या गणपतीला हात जोडले, एक नारळ घेतला आणि थेट सिस्टरच्या अंगणात. सर दारात खुर्चीवर बसलेले. सिस्टरनी चाकावर हात ठेवला. मधल्या भोकात बोट फिरवलं. तिथं दाते नव्हतेच.

"भाऊ, कशाची ही?"

"बग्गीची."

"घोड्याच्या?"

"हां."

"मंग नवरदेव बसवा याच्यावर. माझा नवरा नगं."

सरांचा चेहरा आजारानं दगडासारखा झाला होता, पण खांदे गदगदा हलत होते. ते हसत होते. नारळ मात्र सिस्टरनी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी डब्यातून माझ्याकडे आली.

मग मी शहाण्यासारखं वागलो. पुण्यातला एक व्यापारी गाठला आणि खरी चाकं नमुन्याला मागवली. एक क्रोमचं, आरशासारखं. दुसरं राखाडी रंगाचं, अगदी साधं. मला विचाराल तर क्रोमच्या पुढे दुसऱ्याकडे बघवत नव्हतं. तसं मी बोललोही. सिस्टर म्हणाल्या, "ह्यांना इचारू."

आता ज्याला बोलता येत नाही, मान हलवता येत नाही, त्याला विचारायचं कसं? टेम्पोतून सरांना दुकानात आणलं. सिस्टरनी दोन्ही चाकं त्यांच्या गुडघ्यांशी उभी केली, त्यांचा हात उचलला आणि क्रोमच्या तारांवर ठेवला. सरांची बोटं थरथरत होतीच. ती तारांवर पडली आणि चाक वाजायला लागलं.

मी उठून कॉम्प्रेसर बंद केला.

सिस्टर सरांचा हात सावकाश फिरवत होत्या. क्रोमच्या चाकावर मध्येच एखादी तार मुकी निघायची, नुसतं ठक्. ढिली असणार. मग त्यांनी तोच हात राखाडी चाकावर ठेवला. तिथं सगळ्या तारा एका सुरात बोलल्या. पूर्ण फेरी झाली, सिस्टरनी हात उचलायला घेतला, तर सरांनी बोटं तारांत अडकवून ठेवली. सोडेचनात. ज्या हातात पाण्याचा पेला टिकत नव्हता, त्या हातानं त्यांनी चाक धरून ठेवलं होतं. खरं सांगतो, इतकी वर्षं मी चाकं विकली. माणूस चाकाशी असं बोलताना पाहिला नव्हता.

"हीच," सिस्टर म्हणाल्या.

पण त्या चाकांचा पूर्ण संच परदेशातून बोटीनं यायचा होता. व्यापारी म्हणाला, दोन महिने लागतील, कदाचित तीन. मी सिस्टरना बाजूला घेतलं.

"सिस्टर, ऐका माझं. हब बदलतो, अलॉयची चाकं टाकतो. आठ दिवसांत सर गाडीत. तीन महिन्यांनी काय व्हईल, तुमाला माझ्यापेक्षा जास्त कळतंय."

सिस्टरनी राखाडी चाकावर तळहात ठेवला. मग म्हणाल्या, "मला समदं कळतंय, भाऊ. अलॉय लावली तर ते बसतील. माझं मन राखाया बसतील. पन त्यांची गाडी झालेली नसंल. अर्ध्या गाडीत कसं बसवू त्यांना?" पदरानं त्यांनी डोळे पुसले नाहीत, चाकावरचे बोटांचे ठसे पुसले. "मागवा. तवर त्यांना बसतं ठेवायचं माझ्याकडं लागलं."

मला तेव्हा हा हट्ट वाटला होता. थोडा रागही आला होता.

नंतरचे दिवस मी पाहिले आहेत. रोज सकाळी सिस्टर सरांना उठवून बसवायच्या, पाठीला उशा लावायच्या, हातपाय चोळायच्या, बसल्या बसल्या पेज भरवायच्या. सर लवंडले की पुन्हा सरळ. दुपारी त्यांचा डोळा लागला की त्या माझ्याकडे यायच्या. गाडी शिकायला! साठी उलटलेली बाई माझ्या जुन्या व्हॅनमध्ये बसून बाजाराच्या मैदानात क्लच सोडायला शिकत होती. दोनदा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बाभळीला धडक दिली. खाली उतरून बाभळीवर हात ठेवला, काही मोडलं नाही ना बघितलं, आणि परत बसल्या. ह्या बाईला मी मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील!

चाकं आली तोवर सर आधाराशिवाय बसू शकत नव्हते. पण आधार दिला की बसत होते.

गोठ्यासमोर गाडी जॅकवर घेतली. ह्या चाकांना मध्ये दोन कानांचा एक मोठा नट असतो, तो हातोड्यानं ठोकून बसवायचा. वरचा कान मागच्या अंगाला हाणला की घट्ट, पुढच्या अंगाला हाणला की सैल. मी हातोडा उचलला, तर सिस्टरनी तो काढून घेतला. सरांकडे बघून त्यांनी एकेक नट स्वतः ठोकला. शेवटच्या ठोक्याला सरांच्या तोंडून कसलासा आवाज आला. सिस्टरना तो कळला असावा, कारण त्या लाजल्या.

मी म्हटलं, "उद्या सकाळी काढा गाडी. रस्ता मोकळा असतो."

"न्हाई. सांजच्यालाच. आन् नारायणगावच्या अंगाला."

संध्याकाळची ती वर्दळ, त्यात नवी ड्रायव्हर. पण त्यांच्याशी वाद घालायचं मी कधीच सोडलं होतं. सिस्टरनी सरांना डाव्या सीटवर बसवलं. बिछान्याची चादर लांब घडी करून छातीभोवती घेतली आणि सीटला बांधली, दवाखान्यात पेशंटला बांधतात तशी. सर ताठ बसले. खाली वाकून बघणं मात्र त्यांना शक्य नव्हतं. मला वाईट वाटलं. ज्या चाकांसाठी हा माणूस एवढा थांबला, ती त्याला आता दिसणार नव्हती.

गाडी सर्व्हिस रोडला लागली. मी मागे मोटरसायकलवर. सिस्टर बैलगाडीच्या वेगानं चालवत होत्या. मागे टोमॅटोचे पिकअप तुंबले, हॉर्न सुरू झाले. घाबरल्या असतील, धीर द्यावा म्हणून मी डाव्या बाजूनं पुढे आलो, आणि तिथं मला ते दिसलं.

ऊन उजवीकडून येत होतं, शिवनेरीच्या बाजूनं, अगदी तिरपं. गाडीची सावली डावीकडे कांद्याच्या वाफ्यांवर पडली होती, सरांच्या थेट नजरेसमोर. त्या सावलीत चाकं फिरत होती. तारांमधून ऊन गाळून येत होतं, आणि इतक्या सावकाश की तार अन् तार वेगळी दिसत होती. सर टक लावून बघत होते.

सिस्टरची नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "दिसतंय का हो?" त्यांनी विचारलं.

कित्येक आठवड्यांत कुणी सरांचा शब्द ऐकला नव्हता. मी ऐकला. जड जिभेनं, पण स्पष्ट.

"अजून हळू."

सिस्टरनी गाडी आणखी हळू केली. मी त्यांना पुढे जाऊ दिलं, त्यांच्या मागे मोटरसायकल रस्त्यात आडवी लावली, खाली उतरलो आणि मागच्या सगळ्या गाड्यांना हात करून थांबवलं. ड्रायव्हर शिव्या देत होते. देऊ दे म्हटलं.