अण्णांच्या खोल्यांचे दोन वारस

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, यज्ञेश्वर खांबेटे, म्हणजे घरच्यांचे अण्णा, दोन खोल्यांत भाड्याने राहत. वय शहाऐंशी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन अठ्ठावीस वर्षं झालेली. बायको गेल्यावर ते एकटेच राहत आणि त्याचं फारसं दुःख कुणाला दाखवत नसत. मुलगा अवधूत हडपसरला, मुलगी श्यामला मांजरीला. दोघं दिवाळीला येत, चिवडा खात आणि जिन्याला नावं ठेवून जात.

गेल्या वर्षी मालकाने इमारत पाडून नवी बांधायचं, भाडेकरूंना त्यात फ्लॅट द्यायचं ठरवलं. मुहूर्त कधी लागेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास एका मुंजीत नात्यातला आमोद वकील जेवता जेवता म्हणाला, "जुना भाडेकरू गेला, की हक्क त्याच्याजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाला मिळतो. दिवाळीला येणाऱ्याला नाही."

आठ दिवसांत अवधूत बॅग घेऊन हजर झाला. अण्णांना आता सोबत हवी, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी श्यामला आली, तिचंही तेच म्हणणं. दोघांनी आधार कार्डावरचा पत्तासुद्धा बदलून घेतला.

अण्णांना सगळं कळत होतं, पण तक्रार कशाची करणार? श्यामला सकाळी लापशी देई, म्हणून अवधूत डाळिंब सोलून देई. बरं वाटतंय ना, असं दोघं दिवसातून चारदा विचारत. 'उत्तम' म्हटलं की त्यांचे चेहरे जरासे उतरतात, असं अण्णांना वाटू लागलं. एकदा ते शांतपणे म्हणाले, "घाई असेल तर सांगा. बघतो काय जमतंय." अवधूतने त्या दिवशी एकाऐवजी दोन डाळिंबं सोलली.

चार महिन्यांत अण्णांचं वजन वाढलं, जुना खोकला गेला. संडास खाली चौकात, त्यामुळे जिना चढून-उतरून अवधूतचे गुडघे धरले. फरशीवर झोपून श्यामलाची पाठ गेली. डॉक्टरांनी तिघांना तपासलं आणि गोळ्या दोघांनाच लिहून दिल्या. अण्णांची पाठ थोपटून म्हणाले, "यांना शंभरीपर्यंत धक्का नाही."

त्या रविवारी अवधूत हडपसरला परत गेला. त्याची रिक्षा वळेपर्यंत श्यामला गॅलरीत उभी होती. तोच नाही, तर आपण तरी पाठ का मोडून घ्यायची, असा विचार करून संध्याकाळी तिनेही सामान बांधलं.

अण्णांनी दार लावून घेतलं आणि पाय पसरून पेपर वाचला. तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी स्वतःच्या हातचं पिठलं घशाखाली उतरेना. डाळिंब आणलं होतं, पण सोलायचा कंटाळा आला.

संध्याकाळी त्यांनी आधी अवधूतला आणि मग श्यामलाला फोन लावला.

"विशेष काही नाही," ते खोल आवाजात म्हणाले. "छातीत जरा जड वाटतंय. ये असं नाही म्हणत मी."

फोन ठेवून ते उठले आणि तिघांचा भात टाकला.