लाल चिंधी, हिरवी चिंधी

"बेन, टीबी छे. गभरावानुं नथी," असं डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून त्यांनी नाकाला रुमाल लावला. मला घाबरू नका सांगणारा माणूस स्वतःच घाबरला होता. माझा राग तिथून सुरू झाला. तो अजून पुरता गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

ही गोष्ट सुरतेतली, प्लेगच्या पुढच्या वर्षीची. त्या दिवसांत आमच्या उधना भागात बसमध्ये कुणी खोकलं तर शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. आणि मी तर अख्खा आषाढ खोकत होते. संध्याकाळी कणकण, रात्री घामाने उशी ओली, ब्लाउज सगळे सैल. मी मराठी शाळेत शिक्षिका. बाईंना खडूचा खोकला झालाय असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते.

दोन तपासण्या झाल्या. स्पुटम, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या खोकून डबीत दिलेला बेडका. त्यात जंतू सापडले. आणि एक्स-रे, ज्यात उजव्या फुप्फुसाच्या टोकाला कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा डाग होता. डॉक्टरांनी चार औषधांची चिठ्ठी लिहिली. एका औषधाने लघवी केशरी होते, घाबरू नका, एवढं सांगितलं. बाकी काही नाही. हे "बाकी काही नाही" लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या वर्षी गुढीपाडव्याला मी एक ठरवलं होतं. पुढच्या पाडव्यापर्यंत चाळीस पुस्तकं वाचायची. शाळा, स्वयंपाक, पाणी भरणं यात माझं वाचन इतकं सुटलं होतं, की वर्गात "अवांतर वाचा रे" म्हणताना मलाच लाज वाटायची. माझे यजमान पांडेसऱ्यात एका प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवण्याच्या खात्यात. ते रंगाच्या नमुन्याचे कापलेले तुकडे, चिंध्या, पिशवी भरून घरी आणायचे. एक पुस्तक संपलं की मी खिडकीच्या गजाला एक चिंधी बांधायची. आवडलं तर हिरवी. राग आला तर लाल. मधला रंग ठेवला नव्हता. पुस्तक वाचून काहीच वाटलं नाही, असं माझं होत नाही.

आजाराचं नाव कळलं तेव्हा गजावर पंधरा चिंध्या होत्या. एका ऐतिहासिक कादंबरीत तलवारी पानापानावर आणि बायका फक्त ओवाळायला, तिला लाल. एका नर्सबाईंच्या आठवणी होत्या, साध्या, कुठेही मोठेपणा नाही, त्यांना हिरवी. एका थोर माणसाने बायकोला चरित्रभर "सौ." म्हटलं होतं, तिचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची लाल चिंधी मी दोन गाठी मारून बांधली.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. मी त्यांना आत्या म्हणते. त्या अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच बोलणार. ताट, वाटी, पेला, सगळं त्याच खिडकीत, चिंध्यांच्या खाली ठेवायचं. मी धुवायचं, मीच उचलायचं. "तुनासाठीच करस मी," म्हणाल्या. माझ्यासाठी! जेवताना मी भिंतीकडे तोंड करून बसायची.

पण ताटापेक्षा पुस्तकांचं जास्त लागलं. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं एक छोटं वाचनालय होतं, एका खोलीत चार कपाटं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. मंडळाच्या कार्यवाहांनी ह्यांच्याजवळ निरोप दिला, की तूर्त वहिनींनी पुस्तकं नेऊ नयेत. मी परत केलेली पुस्तकं त्यांनी गच्चीवर उन्हात पसरली आणि वर प्लेगच्या वेळची उरलेली पांढरी पावडर मारली. ही तीच माणसं, जी दसऱ्याला ग्रंथांची पूजा करतात आणि पुस्तकाला चुकून पाय लागला तर कानाला हात लावतात.

मी डॉक्टरांना विचारलं. रुमालामागून का होईना, त्यांनी सरळ उत्तर दिलं. "पुस्तक से नहीं फैलता, बेन. खाँसी से फैलता है. और दवा चालू होने के बाद वो भी कुछ हफ़्ते में कम हो जाता है." मी ते कार्यवाहांना जाऊन सांगितलं. ते दारातच उभे राहिले, मला आत या म्हणाले नाहीत. "तुमचं बरोबर असेल हो वहिनी, पण बाकीचे सभासद काय म्हणतील?" तुम्हाला कधी असा आजार झाला तर हे वाक्य तुम्हीही ऐकाल. बोलणाऱ्याला स्वतःला काहीच म्हणायचं नसतं, म्हणणारे ते बाकीचे कोण असतात ते कधी सापडत नाहीत.

मग मी इरेला पेटले. वाचनालय नाही तर रद्दीवाला. हे कारखान्यातून येताना रद्दीच्या दुकानातून मराठी दिसेल ते पुस्तक उचलून आणायचे. ह्यांना वाचनाचं वेड नाही, त्यामुळे निवड देवाच्या हवाली. एक रहस्यकथा आली, शेवटची पानं भजीवाल्याकडे गेलेली. खुनी कोण ते मला आजतागायत माहीत नाही. लाल. शेळीपालनावरचं एक पुस्तक आलं. माझ्याकडे शेळी नाही, पण लिहिणाऱ्याचा जीव असा होता शेळ्यांवर, की मी दोन बैठकांत संपवलं. हिरवी. एका कवितासंग्रहावर आतल्या पानात "माझ्या प्रिय ताईस" असं लिहिलं होतं आणि पुस्तकाच्या जोडलेल्या पानांच्या कडा कुणी कापलेल्यासुद्धा नव्हत्या, म्हणजे ते उघडलंच नव्हतं. कविता बऱ्या होत्या, पण त्या ताईचा मला इतका राग आला की लाल बांधली.

शाळेची रजा, दुपारभर घरी एकटी, औषधांनी मळमळ. तरी दिवाळीपर्यंत ताप गेला, खोकला गेला, वजन वाढलं. दर महिन्याला दवाखान्याच्या बाकावर बसायचं, नंबर आला की डॉक्टर वजन बघायचे आणि म्हणायचे, "एज दवा चालु राखो." तीच चिठ्ठी, तीच चार औषधं. मी विचारलं नाही. कुणी विचारतं का?

मार्गशीर्षात अक्षरं पुसट दिसायला लागली. ओळीच्या मधोमध धुरकट, कडेला ठीक. मी म्हटलं, रद्दीचीच पुस्तकं, शाई उडालेली असणार. खिडकीतल्या चिंध्याही मळकट वाटायला लागल्या. तेव्हा मी जी चूक केली ती रंगाऱ्याच्या घरातच होऊ शकते. मी रंगाला दोष दिला. "तुमच्या मालकाने रंगात पाणी घालायला सुरुवात केली वाटतं," असं मी ह्यांना म्हटलं. ह्यांना बाकी काहीही बोला, रंगाबद्दल बोललेलं खपत नाही. "रंग पक्का आहे," हे ओरडले. "तुझेच डोळे तपासून घे." भांडणात बोललेलं खरं कोण मानतं? मी दोन दिवस अबोला धरला.

एकोणचाळिसावं पुस्तक विनोदी होतं. एका नाटक कंपनीची फजिती, दौऱ्यावर निघालेली, बैलगाडीतच राजाची दाढी हरवते. डोळे ताणून, पान नाकाशी धरून वाचलं, पण इतकी हसले की आत्या स्वयंपाकघरातून बघायला आल्या. संपलं तेव्हा मी चिंधी काढली आणि बांधली. आता एकच राहिलं होतं.

आत्या खिडकीतल्या माझ्या पेल्यात पाणी ओतायला आल्या आणि थबकल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण त्या चिंध्यांचा हिशोब त्यांना माझ्याइतकाच पाठ होता. मला हे माहीतच नव्हतं.

"ते पुस्तक वाचीसन तू इतली हासनी," त्या म्हणाल्या, "मंग लाल चिंधी कसाले बांधी वं?"

"हिरवी आहे, आत्या."

"लाल शे."

मी जरा तोऱ्यात म्हटलं, "हिरवी आहे." त्यांनी पिशवीतून दोन चिंध्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "आते सांग, लाल कोनती?"

दोन्ही मला सारख्या दिसत होत्या. दोन्ही मातीच्या रंगाच्या. उत्तराण, म्हणजे संक्रांत, जवळ आली होती, बाहेर पतंग होते. मी गच्चीत जाऊन वर बघितलं. सगळ्या आभाळात तांबड्या-हिरव्या पतंगांची गर्दी असणार, आणि मला सगळे एकाच मळक्या कापडाचे दिसले. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. टीबी कळल्यावर मरणाची वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या दिवशी आंधळेपणाची वाटली. आत्या माझ्या शेजारी बसल्या, अगदी खेटून.

दुसऱ्या दिवशी एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तासभर बसवलं, मग आत बघितलं. मग त्यांनी एक छोटं पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपके आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. कलर व्हिजन टेस्ट, म्हणजे रंग ओळखण्याची परीक्षा. पहिल्या पानावरचा आकडा वाचला. पुढे सगळे ठिपकेच. मी पानं उलटत गेले, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात असं पुस्तक आलं होतं की जे मला वाचताच येत नव्हतं.

बाईंनी औषधांची चिठ्ठी मागितली आणि एका नावावर बोट ठेवलं. एथॅम्ब्युटॉल. टीबीचं चांगलं औषध, पण काहींच्या ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला त्याने इजा होते. पहिल्यांदा लाल-हिरवं जातं, मग नजर. "शुरू करने से पहले आँखें चेक की थीं किसी ने?" नाही. "कहा था कि रंग में फ़र्क़ लगे तो आना?" नाही. "ये तो दो महीने बाद अक्सर बंद कर देते हैं. चालू क्यों है?" मला काय माहीत? त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते औषध त्याच दिवशी बंद झालं. बाकीची चालू राहिली. किती सुधारेल हे आत्ता सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते मी विचारलं, तेव्हा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. बाकावर न बसता सरळ आत गेले. हे का सांगितलं नाही, म्हणून विचारलं. फार थोड्यांना होतं, म्हणाले. मग त्या थोड्यांना तरी आधी सांगायचं होतं! तेव्हा ते म्हणाले, "बता देते तो तुम लोग डर के दवा छोड़ देते."

तुम लोग. उधन्याचे, खानदेशचे, कारखान्यातले, खोकणारे तुम लोग. मी मुलांना चौथीपर्यंत सगळे विषय शिकवते, आणि मला एक वाक्य सांगितलं असतं तर कळलं नसतं! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली होती एवढं सांगते. त्यांनाही मी औषधाचं नाव सांगून आले.

पुढचे दोन महिने पुस्तक बंद. हे संध्याकाळी वाचून दाखवायला बसायचे, अडखळत. मी ऐकायची, पण ते हिशोबात धरायला मी तयार नव्हते. ऐकलेलं ते ऐकलेलं, वाचलेलं ते वाचलेलं. चाळिसावी गाठ बाकी राहिली. रोज सकाळी आत्या दोन चिंध्या पुढे धरायच्या. "कोनती?" मी चुकायची. त्या चिंध्या परत पिशवीत टाकायच्या. या दिवसांत माझं ताट कधी बाकीच्या ताटांत गेलं ते मला कळलं नाही.

फाल्गुनात हळूहळू लाल जरा लाल व्हायला लागलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेच ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. मी एक डोळा झाकला आणि वाचायला लागले. एका पानावर अडले, श्वास धरला, आकडा वर आला. मग दुसरा डोळा. शेवटचं पान झालं तेव्हा बाई हसल्या. "पूरी किताब पढ़ ली आपने."

तुमच्यापैकी कुणाला हे औषध चालू असेल तर भिऊन सोडू नका, टीबी त्याहून वाईट. पण डोळे आधी तपासून घ्या. रोज एक डोळा झाकून काहीतरी लाल आणि काहीतरी हिरवं बघा. फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि ते "तुम लोग" म्हणाले तरी उत्तर घेतल्याशिवाय उठू नका. मंडळाने पाडव्याला माणूस पाठवला होता, वाचनालयात आता यायला हरकत नाही म्हणून. मी त्याला चहा दिला आणि निरोप दिला, की बाकीचे सभासद काय म्हणतील.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी केल्यावर मी पिशवीत हात घातला, एक चिंधी काढली आणि गजाला बांधली. चाळिसावी, त्या ठिपक्यांच्या पुस्तकाची. आत्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, चिंधीला बोट लावलं आणि चेहरा उतरला त्यांचा.

"लाल शे वं," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे, आत्या," मी म्हटलं. "मुद्दामच लाल बांधली."