सरकलेला थर

आज दुरंगी वड्या कापताना वरचा थर सुरीबरोबर अख्खा सरकला आणि माझा हात थांबला.

अमेरिकेत, रेडमंडमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मुलगा मिलिंद आणि सून रेणू मला डोंगरात बर्फ दाखवायला घेऊन गेले होते. पुढे मोठा उतार लागला. बर्फ घसरेल का ते बघायला रेणूने खड्डा खणून बर्फाचा चौकोनी ठोकळा मोकळा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि हलकेच चापट मारली. वरचा थर असाच सरकला. खाली साखरेसारखा भुसभुशीत बर्फ होता.

"मिलिंद, नको जाऊस. सेफ नाहीये. सगळं खाली येईल."

"अगं, पलीकडे तर जायचंय. तू पण ना यार!" म्हणत त्याने उतारावर पाय टाकला. बर्फाच्या पोटातून धप्प आवाज आला. माझ्या पायांखालचा बर्फही खचला. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, पण तेव्हा मी ओरडले, "मिल्या, मागे ये!"

तो आला. उतार जागचा हलला नाही. रेणू किती धीट, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज आठवतं, तो मागे आल्यावर तिने गाडीपर्यंत त्याची बाही सोडली नव्हती.

मघाशी मिलिंदने तीच सरकलेली वडी उचलली. "चव तीच आहे की," म्हणून हसला. रेणूने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी हसलो नाही.