आधी कैद्याची जखम

सैन्यात मी जखमींची सेवा करणारा जवान होतो. सीमेवरच्या लढाईत एका दुपारी आमच्या तंबूत दोन स्ट्रेचर एकदमच आले. एकावर माझ्याच गावचा, सिल्लोडजवळचा दोस्त. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली गेली होती. दुसऱ्यावर शत्रूचा पकडलेला शिपाई. त्याची मांडी फाटली होती आणि रक्त थांबत नव्हतं.

डॉक्टर आत एकाच्या पोटाचं ऑपरेशन करत होते. ज्याचा जीव जास्त धोक्यात तो आधी, मग तो कुणाचाही असो, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं. शिकताना सोपं वाटलं होतं. मी कैद्याकडं वळलो. तो उर्दूत बोलत होता, ती सिल्लोडच्या बाजारात लहानपणापासून माझ्या कानावर पडलेली. तो आईला हाका मारत होता आणि मला सगळं कळत होतं. खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही. त्याच सकाळी आमची दोन माणसं गेली होती. तरी मी मांडीला पट्टा आवळला, जखम दोन्ही हातांनी दाबून धरली.

मागून दोस्त हळूच म्हणाला, "आपला कोण अन् परका कोण, एवढंबी कळंना व्हय तुला?"

पुढं त्याची बोटं काढावी लागली. ती तशीही वाचली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला ते कधी पटलं नाही. निवृत्त होऊन मी संभाजीनगरात एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या कामाला लागलो. गावी गेलो की मला पाहून तो रस्ता बदलायचा. वीसेक वर्षं अशीच गेली.

अलीकडं सीमेवर पुन्हा तणाव वाढला. त्याचा मुलगा तिथंच होता आणि चार दिवस त्याचा फोन नव्हता. टीव्हीवर तर हाती लागेल त्याला सोडू नका, अशीच भाषा चाललेली. पाचव्या दिवशी दोस्त सिडकोतल्या माझ्या घरी आला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "तो वाचला का रं?"

कोण, ते विचारावं लागलं नाही. मी म्हणालो, "ठाऊक नाय. गाडीत घातला तवा नाडी चालू होती."

"वाचला असंल," तो म्हणाला. "तू लई दाबून धरलं व्हतंस."

मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर तो माझ्याकडंच राहिला.