लोखंडाचे अकरा अंश

आमच्या घरी भट्टी रोज पेटायची, चूल पेटेलच असं नव्हतं. वडील सिल्लोडच्या बाजारासाठी विळे घडवायचे, आई घण मारायची. तिथून मी औरंगाबादच्या कॉलेजात आलो.

फिजिक्सचे सर बोटं खराब होऊ नयेत म्हणून खडूला कागद गुंडाळायचे. प्रत्येक वाक्यानंतर विचारायचे, “ध्यानात आलं का?” शिकवायचे छान, हे कबूल करतो.

हॉस्टेलची जागा चाचणीच्या गुणांवर मिळायची. चाचणीत गणित आलं: पाचशे ग्रॅम लोखंडाला साडेपाच हजार कॅलरी उष्णता दिली, तर तापमान किती वाढेल? मी शंभर अंश लिहिलं. सरांनी लोखंडाऐवजी पाण्याची विशिष्ट उष्णता धरली होती, त्यांचं उत्तर अकरा. मला शून्य.

मी उठून म्हणालो, “सर, लोखंड पाण्यापेक्षा लई लवकर तापतं.”

“लोहारबुवा, ही तुमची भट्टी नव्हे. बसा खाली.” वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तुकडीत सर तेच गणित सोडवत होते. “लोखंड पाण्यापेक्षा लवकर तापतं. उत्तर शंभर. ध्यानात आलं का?” दारात मी दिसलो, तसं त्यांनी दार लोटून घेतलं. माझं शून्य तसंच राहिलं, हॉस्टेलही गेलं.

तीन वर्षं सिल्लोडहून एसटीनं ये-जा करून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पहिलाच.