बिनविरोध गावातली एक हरकत

मी राज्यशास्त्र शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. दोन्हींची मला कधी लाज वाटली नाही. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. लहानपणी पहाटे आईबरोबर बाजारात मेथीच्या जुड्या विकायला बसायचे, तिथं जो घसा उघडला तो आजतागायत मिटलेला नाही. मॅडमना माईक लागत नाही, असं आमच्या कॉलेजातले शिपाईमामा नव्या लोकांना कौतुकानं सांगतात.

माझ्या एम.ए.च्या वर्गात मुलं चारी दिशांनी येतात. सुरगाण्याकडची, आदिवासींची कोकणी बोलणारी, देवळा-सटाण्याकडची अहिराणी बोलणारी, वडील ओझरच्या कारखान्यात कामाला असलेली, आणि शहरातली, ज्यांना वाटतं की आपण बोलतो तीच मराठी. पहिल्या आठवड्यात सगळी एकजात पुस्तकातलं बोलतात. आपलं गाव तोंडातून निसटू नये म्हणून जपून. म्हणून मी पहिल्याच तासाला माझा नियम सांगते: ज्या बोलीत तुम्हाला राग येतो, त्या बोलीत माझ्या वर्गात बोलायचं. मुलं हसतात. पाळत मात्र कुणी नाही, निदान दिवाळीपर्यंत.

अलीकडचीच गोष्ट. वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता. मी कोऱ्या चिठ्ठ्या आणि बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन वर्गात गेले, तर फळ्यावर एका मुलाचं नाव आधीच लिहिलेलं आणि माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, बिनविरोध झालं," पोरं म्हणाली. चेहऱ्यावर असा आनंद, जणू गडच सर केला.

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

"कुठं?"

"टपरीवर. चहा पिताना."

"मुली येतात का तुमच्या टपरीवर?"

आता सगळे फळ्याकडे बघायला लागले. माझं डोकं सणकलं. लोकशाहीचा पहिला धडा शिकवून आठवडा झाला नव्हता आणि यांनी तो चहात बुडवून खाल्ला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. देवळ्याच्या अलीकडचं तिचं गाव, घरी कांदा आणि थोडं डाळिंब. हुशार, नीटनेटकी, आणि बोलणं इतकं शुद्ध की मलाच माझं बोलणं तपासून घ्यावंसं वाटायचं.

"मॅडम, आम्हा मुलींची तक्रार नाही," ती म्हणाली. "निवडणुकीनं भांडणंच लागतात. आमच्या गावात ग्रामपंचायत कायम बिनविरोध होते. पाच वडीलधारी माणसं बसून नावं ठरवतात. मग पारावर सगळ्या गावासमोर विचारतात, कुणाची हरकत आहे का. कुणाचीच नसते. मारुतीपुढे नारळ फुटतो आणि विषय संपतो. नारळ फुटल्यावर आमच्याकडे कुणी अर्ज भरत नाही. ही आमची संस्कृती आहे. आणि नारळ माझे वडील फोडतात."

शेवटचं वाक्य तिनं मान ताठ करून सांगितलं. मला तिचा राग आला आणि ती आवडलीही.

"झकास," मी म्हणाले. "तुझ्या लघुप्रबंधाचा विषय ठरला. गावात घरोघर जायचं. पुरुषांना वेगळं आणि बायकांना वेगळं भेटायचं. एकच प्रश्न: नाव ठरवताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"सगळे हो म्हणतील, मॅडम."

"म्हणू देत की. मी छापून आणीन."

त्या दिवशी चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलंच. टपरीवर ठरलेलाच मुलगा निवडून आला. मी पेढा खाल्ला आणि त्याला म्हटलं, आता तू प्रतिनिधी झालास, सकाळी टपरीवरचा नुसता गिऱ्हाईक होतास.

पुढं सुट्टी लागली आणि मी ते विसरूनही गेले. सुट्टी संपल्यावर एक दिवस ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. आत ये म्हटलं तर आली आणि बसायच्या आत बोलायलाच लागली. अर्धं अहिराणी, अर्धं मराठी. तिचं तिला कळत नव्हतं. मी मध्ये बोलले नाही. त्या वर्गात माझा नियम पहिल्यांदाच कुणी पाळत होतं.

पुरुषांनी सांगितलं होतं, हो तर, सगळ्यांना विचारूनच ठरतं. बायका मात्र प्रश्न ऐकून हसल्या होत्या. "आमले कोन इचारस?" आम्हाला कोण विचारतंय. एका घरी ऐकलं, दुसऱ्या घरी ऐकलं, गल्ली संपेपर्यंत तेच. सर्वांत शेवटी तिनं आपल्या आईला विचारलं होतं. आई भाकरी थापत होती. ती हसली नाही.

"दिल्लीला कोण जाणार ते मला विचारतात," आई म्हणाली होती. "मताच्या दिवशी दारात गाडी उभी राहते. आणि गल्लीत नळ कुठं बसवायचा, ते मला आयुष्यात कुणी विचारलं नाही." मग तवा उतरवून तिनं पोरीला आणखी एक सांगितलं. पंचायतीत आपण उभं राहावं असं तिच्या मनात मागच्या खेपेलाच होतं. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता. तरी ती गप्प बसली, कारण नारळ नवऱ्याच्या हातात असतो. तिनं अर्ज भरला असता तर सगळ्या गावासमोर नवऱ्याचा शब्द मोडला असता.

"यंदा परत निवडणूक आहे," मुलगी म्हणाली. "वॉर्ड परत राखीव आहे. आणि दादांना मी हे सगळं लिहिते आहे हे कळलंय."

दादा म्हणजे तिचे वडील. ते दुसऱ्याच आठवड्यात कॉलेजात आले. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी, पिशवीत डाळिंबं. माणूस सरळ होता. नमस्कार केला, डाळिंबं टेबलावर ठेवली आणि मुद्द्यावर आले.

"बाई, विषय बदला. पोरगी गावाची अब्रू कागदावर मांडायला निघालीय. नाहीतर मला तिचं शिक्षण थांबवावं लागेल. बास झालं म्हणेन."

मी पेटले. पण समोरचा माणूस पाहुणा होता आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाप होता. मी शिपाईमामांना चहा सांगितला. राग आला की मी चहा सांगते, तो येईपर्यंत जीभ ताब्यात राहते.

"अब्रू जाईल असं त्यात काय आहे?"

"आमना गावमा कधी निवडणूक व्हयनी नही," ते म्हणाले, आणि मग माझ्यासाठी सुधारून, "कधी झालीच नाही, बाई. आजूबाजूला जाऊन बघा. निवडणूक लागली की भाऊ भावाशी बोलत नाही, पाण्याच्या पाळीवरून कोयते निघतात. आमच्याकडे एक डोकं फुटलं नाही. हे काय फुकट मिळालं?"

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलं. शहरातली माणसं गावच्या एकीला फार लवकर हसतात. एकी टिकवायला कष्ट पडतात, गिळावं लागतं, समजावावं लागतं. या माणसानं ते जन्मभर केलं होतं. पण गिळायचं कुणी, हा माझा प्रश्न होता, आणि तो मी विचारला.

"गिळतात ना सगळे," ते म्हणाले. "मी नाही का गिळलं?"

"तुम्ही बैठकीत बोलून मग गिळता. बायकांना बोलायलाच मिळत नाही, त्या काय गिळणार?"

त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायले, तोंड पुसलं. "तुम्ही एकदा या. बघा आमची बैठक. आम्ही सगळ्यांसमोर हरकत विचारतो. कुणाचं तोंड बांधत नाही. डोळ्यांनी बघा, मग पोरीला काय लिहायला लावायचं ते लावा. तोवर मी कॉलेजातून तिचं नाव काढत नाही."

"ठरलं," मी म्हटलं. पोरीचं शिक्षण त्या बैठकीवर टांगलं गेलं हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

बैठकीच्या दिवशी मी एसटीनं गेले. पार मोठा, वर मारुती, खाली सतरंज्या. मला पाहुणी म्हणून पुरुषांच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची दिली होती. बायका पलीकडच्या घराच्या ओट्यावर, पदर सावरून. मी खुर्ची उचलली आणि ओट्याशी नेऊन ठेवली. दोनचार माणसांच्या भुवया वर गेल्या. जाऊ देत, म्हटलं, व्यायाम होईल.

मुलगी ओट्याच्या कडेला आईशेजारी बसली होती. आई किरकोळ अंगाची, शांत. माझ्याशी ती जपून शहरी मराठीत बोलली, प्रवास कसा झाला, चहा घेतला का. बैठकीबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, ही बाई आजही गप्पच बसणार. बसली असती तरी मी काय करणार होते? तिथं राहायचं तिला होतं. माझी परतीची एसटी ठरलेली होती.

नावं वाचून झाली. राखीव वॉर्डासाठी मागच्या सरपंचांच्या सुनेचं नाव होतं. सून बैठकीला आलीच नव्हती. हार तिच्या नवऱ्यानं घालून घेतला आणि सगळ्यांना हात जोडले. उमेदवार हाच असावा असं एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं.

मुलीचे वडील उठले. हातात नारळ, शेंडी वर. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आता ऐका म्हणून, आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "कुणाची हरकत?"

विचारून ते लगेच मारुतीकडे वळलेही. उत्तरासाठी थांबायची त्यांना सवयच नव्हती. मी बघत होते ते हेच. प्रश्न खरा होता, पण त्याच्यापुढं श्वास घेण्याइतकीही जागा कुणी सोडली नव्हती.

"मनी शे," ओट्यावरून आवाज आला. माझी आहे.

ते वळले. बायको उभी राहिली होती. पदर डोक्यावर, हात ओट्याच्या खांबाला.

"मनी हरकत शे," ती पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्यानं. "मी अर्ज भरणार. सरपंचांच्या सुनेशी माझं वैर नाही. पण तिला उभं राहायचंय का, हे तिला तरी कुणी विचारलं?"

वडीलधाऱ्यांतला एक जण हलकेच म्हणाला, "घरचं आहे, घरी मिटवा. नारळ फोडून टाक." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळं आता त्या एका माणसावर आलं. नारळ फोडला असता तर बायकोची हरकत तिथंच संपली असती. पोरीचा विषय संपला असता आणि बहुतेक कॉलेजही. मुलीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं.

ते नारळाकडे बघत उभे राहिले. मग मारुतीकडे बघितलं. मग बायकोकडे, बराच वेळ.

"हरकत विचारायची आपली रीत आहे," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता, पण ऐकू येत होता. "आज हरकत आली. आता फोडला तर मी खोटा पडतो." आणि नारळ पिशवीत घातला.

काही माणसं तणतणत उठून गेली. एकानं मला ऐकू येईल असं म्हटलं, शहरातनं बाई आणली आणि गाव फोडलं. मी गप्प राहिले. माझ्या हयातीत असं फार थोड्या वेळा झालं आहे. मी काही आणलं नव्हतं. हरकत त्या ओट्यावर कधीचीच बसलेली होती.

एसटीच्या थांब्यापर्यंत वडील सोबत आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "पोरगी परीक्षेला बसेल. आणि ते जे लिहितेय, त्यात बायकांचं बोलणं त्यांच्याच बोलीत राहू द्या. सुधारू नका."

"मी कशाला सुधारीन?" मी म्हटलं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. आनंदानंच. बाजारात पाच पैशांसाठी गिऱ्हाइकाशी भांडणारी आणि घरच्या बैठकीत तोंड न उघडणारी माझी आई मला आठवत होती.

निवडणूक झाली. डोकं कुणाचं फुटलं नाही. दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते पुढं एका लग्नात सुरू झालं म्हणे. मतदानाच्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन आला.

"बाई, गल्लीचं मत दिलं. जन्मात पहिल्यांदा. कुणाला दिलं ते विचारू नका."

"नाही विचारत. गुप्त असतं ते."

"तेच बायकोला सांगतोय सकाळपासून. ती ऐकत नाही."

निकालाच्या दिवशी मुलीचा फोन आला. आई थोडक्यात पडली होती. मी मनातल्या मनात धीराची चार वाक्यं जुळवत होते, पण तिला त्यांची गरज नव्हती. ती घाईघाईनं, सगळं अहिराणीत, सांगत सुटली होती. बैठकीच्या दिवसापासून तो नारळ देव्हाऱ्यात तसाच ठेवलेला होता. निकाल लागल्यावर नावं ठरवणाऱ्या पाचांपैकी दोघं घरी आले. आता चल, निवडून आलेल्यांसाठी मारुतीपुढं फोडू म्हणाले.

"दादा त्यांना म्हणाले, तुम्ही दुसरा आणा," ती सांगत होती. "मग आमच्याच उंबऱ्यावर फोडला, मॅडम. आणि पहिला तुकडा मायच्या हातावर ठेवला."